रसदीचे बंदर

हिंदी महासागर ओलांडून अटलांटिकमध्ये उतरू पाहणाऱ्या लहानशा शिडाच्या नौकेपुढे दोन मार्ग असतात : एक तांबड्या समुद्रातून सुवेझच्या कालव्याकडे जाणारा, आणि दुसरा आफ्रिका खंडाला दक्षिणेकडून वळसा घालणारा. पहिला जवळचा खरा; परंतु २००८ नंतर एडनच्या आखातातील सोमाली चाच्यांचा उपद्रव वाढत गेला तसा हौशी दर्यावर्दींनी तो बहुतांशी वर्ज्य मानला, आणि १८६९ मध्ये कालवा खुला झाल्यापासून जी केपची वाट शिडांच्या दृष्टीने ओस पडत गेली होती, तिच्यावर उन्हाळ्याच्या महिन्यांत, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबर ते मार्च या काळात, पस्तीस-चाळीस फूट लांबीच्या नौका पुन्हा दिसू लागल्या. या नौकांवर बहुधा एखादे जोडपे असते, क्वचित त्यांची मुलेही असतात. मालाची ने-आण नाही, शर्यत नाही, वेळापत्रक नाही. नौका हेच घर आणि वारा हाच काय तो वरिष्ठ अधिकारी.

अशा नौकेचा केपटाऊनमधील मुक्काम पाहण्याजोगा असतो, आणि त्याचे कारण त्या शहराच्या जन्मातच आहे. जगातील बहुतेक थोर बंदरे एखाद्या नदीच्या मुखाशी, एखाद्या बाजारपेठेच्या ओढीने किंवा एखाद्या राजधानीच्या आश्रयाने वाढली; केपटाऊनला यांपैकी कशाचाही आधार नव्हता. लांबच्या सफरीवर निघालेल्या गलबतांना गोडे पाणी, हिरवी भाजी, ताजे मांस आणि डागडुजी मिळावी, एवढ्याच हेतूने ते वसविण्यात आले. आजची प्रचंड मालवाहू जहाजे पाणी, भाजी किंवा मांस यांसाठी येथे अडून राहत नाहीत. ज्या गिऱ्हाइकासाठी हे दुकान मांडले होते, त्याचा आज उरलेला एकमेव वारस म्हणजे ही लहानशी नौका होय.

तेथवर पोहोचणे सोपे नाही. डर्बनहून केपटाऊन सुमारे आठशे सागरी मैल, आणि त्यातील बराच भाग अगुल्हास प्रवाहाच्या काठाने कापावयाचा. हा प्रवाह किनाऱ्याला समांतर, नैर्ऋत्येकडे, कित्येकदा ताशी चार-पाच सागरी मैलांच्या वेगाने वाहतो. त्याच्यावर स्वार झालेली नौका भलतीच वेगाने पुढे सरकते, परंतु वारा फिरून नैर्ऋत्येकडून वाहू लागला की प्रवाह एका दिशेने आणि वारा त्याच्या तोंडावर अशी स्थिती होऊन लाटा उभ्या भिंतींसारख्या चढतात व त्यांच्यापुढे मोठ्या जहाजांचेही पोलाद वाकल्याची उदाहरणे नमूद आहेत. डर्बन ते ईस्ट लंडन या सुमारे अडीचशे मैलांत आसऱ्याला एकही बंदर नाही. म्हणून येथील शहाणा नाविक हवामानाच्या दोन बिघाडांमधील उसंत हेरतो, एका बंदरातून दुसऱ्यात उडी घेतल्यासारखा जातो आणि पुन्हा थांबतो. खंडाचे दक्षिण टोक असलेले केप अगुल्हास मागे पडले, त्यानंतर अधिक ख्यातनाम परंतु भूगोलाच्या दृष्टीने दुय्यम असे केप ऑफ गुड होप ओलांडले, की पाणी एकाएकी थंड होते, समुद्रशेवाळाचे लांबच लांब पट्टे तरंगताना दिसू लागतात, आणि निरभ्र दिवशी हजार मीटरांहून उंच असा टेबल पर्वताचा सपाट माथा शहराच्या कितीतरी आधी क्षितिजावर उगवतो.

६ एप्रिल १६५२ रोजी यान व्हान रीबेक हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा कारभारी याच पर्वताखाली उतरला. जिची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यासही होती, तीच ही वलंदेज कंपनी. वसाहत स्थापून राज्य करावे असा तिचा त्या वेळी मानस नव्हता. युरोपातून पूर्वेकडील बटाव्हिया बंदरास जाण्यास अनेक महिने लागत. ताज्या अन्नावाचून खलाशांच्या हिरड्या सुजत, जुन्या जखमा उकलत, आणि स्कर्व्ही रोगाने गलबतावरील माणसे पटापट मरत. तेव्हा वाटेत मळा लावावा, तटबंदी करावी, स्थानिक खोईखोई पशुपालकांकडून गुरे-मेंढ्या विकत घ्याव्या आणि आल्यागेल्या गलबतास रसद पुरवावी, एवढाच हुकूम होता. या वस्तीच्याही आधी येथे थांबणारी गलबते आपली पत्रे कातडी वेष्टणात गुंडाळून कोरीव अक्षरांच्या दगडाखाली ठेवीत, आणि उलट दिशेने येणारे दुसरे गलबत ती उचलून मायदेशी नेई. असे दगड आजही तेथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. कंपनीचा मळा तर शहराच्या मध्यभागी अद्याप कायम आहे. आता तेथे भाजीपेक्षा सावलीच अधिक पिकते.

मळ्यातून जे काम होई ते हल्ली बाजारपेठेतून होते, इतकेच. यादी मात्र फारशी बदललेली नाही. पुढचा टप्पा सेंट हेलेना बेटाचा, सुमारे सतराशे सागरी मैलांचा, म्हणजे बहुतेक नौकांना दोन आठवड्यांच्या आतबाहेरचा. आणि त्या एकाकी बेटावर ताज्या मालाची टंचाई ठरलेली. म्हणून निघण्यापूर्वीचे काही दिवस नौकेवरील गृहिणी, किंवा गृहस्थ, बेगमीत गढून जातात. अंडी घ्यावयाची ती शीतकपाटात कधीही न ठेवलेली, कारण एकदा थंड केलेले अंडे बाहेर काढले की लवकर नासते. मग प्रत्येकाच्या कवचाला व्हॅसलीनचा पातळ हात द्यावयाचा, म्हणजे कवचाची सूक्ष्म छिद्रे बुजतात, आणि आठवड्यातून एक-दोनदा ती उलटीपालटी करावयाची, म्हणजे आतील बलक एका बाजूस चिकटत नाही. कोबी न धुता, बाहेरची पाने तशीच ठेवून घ्यावयाची. कांदे-बटाटे जाळीच्या पिशव्यांत टांगावयाचे, तेही एकमेकांपासून दूर, नाही तर दोन्ही लवकर कुजतात. आणि पुठ्ठ्याचे एकही खोके नौकेवर येऊ द्यावयाचे नाही. सारा माल धक्क्यावरच सोडवून खोकी तेथेच टाकावयाची, कारण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात, आणि एकदा झुरळ नौकेत शिरले की ते बाहेर काढण्यापेक्षा स्वतः उतरून जाणे अधिक सोपे. सुक्या मांसाच्या पट्ट्या, ज्यांना तिकडे बिल्टाँग म्हणतात, आणि दोनदा भाजलेली कडक बिस्किटे हे दोन्ही पदार्थ टिकाऊ अन्नाच्या गरजेतून जन्मले. ते आज शहरी माणसाच्या चघळण्याचे झाले असले तरी नौकेवर त्यांना आपले मूळचे काम परत मिळते.

पाण्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. टेबल पर्वतावरून उतरणारे गोड्या पाण्याचे झरे हेच शहरापुढील टेबल उपसागराचे पहिले आकर्षण. पिंपे भरण्यासाठी खलाशी त्यांच्याकडेच जात. ते झरे कालांतराने शहराखालच्या नळांत गडप झाले. पुढे २०१५ ते २०१८ या काळात लागोपाठच्या अवर्षणाने धरणे तळाला गेली, नळ बंद करण्याचा दिवस मुक्रर होण्याची वेळ आली, आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून नागरिकांवर दरडोई दररोज ५० लिटरांची मर्यादा घालण्यात आली. नेमक्या त्याच हंगामात, मार्चच्या आरंभी, भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही ५६ फुटी शिडाची नौका लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी व त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकाऱ्यांसह गोव्याहून निघून, फ्रीमँटल, लिटल्टन आणि फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली करीत केपटाऊनला लागली. महासागरावर भांडी खाऱ्या पाण्यात घासणारे, गोडे पाणी पिण्यास आणि स्वयंपाकास राखणारे व स्नानाचा विचार पावसाच्या सरीवर सोपविणारे लोक दरडोई ५० लिटर म्हणजे चैन समजतात. जे शहर नाविकांना पाणी पुरविण्यासाठी जन्मले, त्याच शहरातील लक्षावधी लोकांना तेव्हा नाविकाच्या काटकसरीने राहण्याचा धडा गिरवावा लागला.

परंतु केपटाऊनमध्ये नौकेवर राहणाऱ्यास दिवसरात्र जिचा विचार करावा लागतो ती वस्तू पाणी नव्हे आणि अन्नही नव्हे. ती म्हणजे वारा. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा पर्वतावर चढतो, माथ्यावर ढगाची शुभ्र चादर अंथरतो आणि मग उतारावरून थेट गोदीवर कोसळतो. शहरातील दूषित हवा तो झाडून नेतो म्हणून लोक त्याला केपचा डॉक्टर म्हणतात. नाविकांचे त्याविषयीचे मत इतके कृतज्ञ नाही. ताशी चाळीस-पन्नास सागरी मैलांचे झोत सुरू झाले म्हणजे शिडे उतरवून धक्क्याला बांधलेली नौकादेखील केवळ आपल्या उघड्या डोलकाठीवर वारा घेऊन एका कुशीवर कलते, आणि चुलीवरील चहाचे भांडे बंदरात असूनही वाटेवर असल्याप्रमाणे झुलणाऱ्या कड्यांत अडकवावे लागते. अशा वेळी नाविकाची कामे ठरलेली : प्रत्येक बांधदोर दुहेरी करावयाचा, नौका पुढेमागे सरकू नये म्हणून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागे आणि वरव्यापासून, म्हणजे मागच्या टोकापासून, पुढे असे तिरपे दोर ताणावयाचे, दोर जेथे धातूच्या कडेवर घासतो तेथे जुन्या रबरी नळीचा उभा चिरलेला तुकडा चढवून तो सुतळीने आवळावयाचा, कारण जाडजूड दोर ओढाताणीने क्वचितच तुटतो, घर्षणाने मात्र एका रात्रीत कुरतडला जातो, आणि शीड चढविण्याचे दोर डोलकाठीपासून दूर बांधावयाचे, नाही तर ते रात्रभर तिच्यावर ताशा वाजवितात व शेजाऱ्यांचे शिव्याशाप पदरी पडतात. सकाळी उठून पाहावे तो सगळ्या डेकवर गोदीतील काळी धूळ आणि वाळू पसरलेली, आणि धक्क्याच्या तरंगत्या फळ्यांवर चार-दोन धष्टपुष्ट सील प्राणी निवांत पहुडलेले. उन्हाळा असूनही पाण्यात मात्र हात घालवत नाही. हा वारा पृष्ठभागावरील ऊबदार पाणी समुद्रात ढकलतो आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. म्हणजे उन्हाळ्यातील वारा जितका जोराचा, तितके पाणी अधिक गार.

आणि तरीही उन्हाळ्यातील हा वारा सभ्य म्हणावा लागेल, कारण तो निदान किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहतो. जुन्या गलबतांचा खरा वैरी म्हणजे हिवाळ्यातील वायव्येचे वादळ. टेबल उपसागर वायव्येस सताड उघडा आहे. नांगर सुटला की गलबत सरळ किनाऱ्यावर. १ जून १७७३ रोजी ‘डी याँगे थॉमस’ हे कंपनीचे गलबत असेच फुटले. किनाऱ्यावर शिपाई तैनात होते, परंतु ते वाहून येणाऱ्या मालाचे रक्षण करण्यासाठी. बुडणाऱ्या माणसांकडे पाहण्याचा त्यांस हुकूम नव्हता. व्होल्राड व्होल्टमाडे या कंपनीच्याच उतारवयाच्या नोकराने मात्र आपला घोडा लाटांत घातला, एका खेपेस दोन याप्रमाणे सात खेपांत चौदा जणांना काठावर आणले, आणि आठव्या खेपेस जिवाच्या भीतीने अनेकांनी एकदमच घोड्याला मिठी मारल्यामुळे तो घोड्यासह बुडाला. हिवाळ्यात गलबतांनी पर्वताच्या पलीकडील सायमन उपसागराचा आश्रय घ्यावा असा कंपनीचा नियम त्यापूर्वीच १७४२ मध्ये झालेला होता. नियम करणे सोपे, बांध घालणे खर्चाचे. तो बांध घालण्यास १८६० साल उजाडले. राणी व्हिक्टोरियाचा सोळा वर्षांचा पुत्र आल्फ्रेड याच्या हस्ते पहिले दगड समुद्रात लोटण्यात आले, उरलेले कैद्यांनी लोटले, आणि १८७० मध्ये आल्फ्रेड गोदी खुली झाली. विषयांतराचा दोष पत्करून येथे एवढे सांगितले पाहिजे की, त्या कैद्यांत आतल्या कोरड्या प्रदेशातून पकडून आणलेले काही सान जमातीचे लोकही होते, आणि भाषाभ्यासक विल्हेल्म ब्लीक व ल्यूसी लॉइड या दोघांनी त्यांच्याकडून ज्या कथा व जी भाषा वह्यांमागून वह्या भरून उतरवून घेतली, ती भाषा आज बोलणारा कोणीही उरलेला नाही.

नौकेवरील कपडे धुण्याचा प्रश्नही येथे निव्वळ घरगुती राहत नाही. हल्लीचा नाविक मळक्या कपड्यांचे गाठोडे खांद्यावर टाकून यॉट क्लबातील धुलाईयंत्राकडे जातो. १७१३ मध्ये पूर्वेकडून परतणाऱ्या कंपनीच्या गलबतांतील कपडे असेच धुण्यास किनाऱ्यावर पाठविण्यात आले, आणि कंपनीच्या गुलामखान्यातील स्त्रियांनी ते धुतले. त्या कपड्यांतून देवी पसरल्या. गुलामखान्यात माणसे भराभर मेली. त्यांत मलबार, कोरोमंडल आणि बंगाल येथून धरून आणलेली आपल्याकडची माणसेही होती, कारण केपच्या गुलामगिरीत हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे. नंतर गोऱ्यांची घरे, आणि अखेरीस खोईखोईंच्या वस्त्याच्या वस्त्या निर्मनुष्य झाल्या. परक्या देशात प्रथम शिरणारी नौका आजही तपासणी होईपर्यंत डोलकाठीवर पिवळे निशाण लावते, ‘आमच्यावर रोग नाही, आत येण्याची परवानगी असावी’ असे सुचविण्यासाठी; तिच्यावरील लोकांना तो केवळ शिष्टाचार वाटतो, पण त्यामागे अशा किती साथी आहेत, हे गुलामखान्याच्या त्या इमारतीत, जी आता संग्रहालय आहे, हिंडून आल्यावर ध्यानात येते.

दप्तरी कारभारात दक्षिण आफ्रिका कोणाला हार जाणार नाही. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जावयाचे तरी परदेशी नौकेला आपल्या प्रयाणाचा एक तक्ता भरावा लागतो. त्यावर क्लबाची सही, परदेशगमन खात्याचा शिक्का, जकातीचा शिक्का, बंदरखात्याचा शिक्का, अशी पायपीट होते. हे सोपस्कार होईतो वारा फिरतो, आणि मग सारे पुन्हा पहिल्यापासून. पूर्वी हे दरवाजे सर्वांना सारखे उघडत नसत, हेही विसरता कामा नये. हिंदी माणसाच्या प्रवेशावर कडक निर्बंध असताना २२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले याच बंदरात उतरले, ते मात्र सरकारी पाहुणे म्हणून. त्यांच्या दिमतीस रेल्वेचा खास डबा देण्यात आला, आणि ज्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी ते आले होते त्या त्यांच्या देशबांधवांना साध्या डब्यातही मानाने बसण्याची मारामार होती.

लहान नौकेतून एकट्याने जगाची प्रदक्षिणा प्रथम करणारा जोशुआ स्लोकम हाही १८९७ च्या अखेरीस केपटाऊनला लागला व मार्च १८९८ पर्यंत त्याची ३६ फूट ९ इंचांची ‘स्प्रे’ येथे राहिली. त्यालाही रेल्वेचा मोफत परवाना मिळाला, आणि त्याच्या जोरावर तो पार प्रिटोरियापर्यंत जाऊन आला. मला अधिक रस वाटतो तो त्याच्या वेधशाळेच्या भेटीत. केपचा राजज्योतिषी डेव्हिड गिल याने त्याला वेधशाळेतील थोर घड्याळ दाखविले, आणि स्लोकमने गिलला आपले पत्र्याचे स्वस्त घड्याळ दाखविले. दोघांची समुद्रावरील कालगणनेवर चर्चा झाली. ही चर्चा या बंदराच्या जिव्हाळ्याची होती. रेखांश काढावयाचा तर अचूक वेळ हवी. चार सेकंदांची चूक झाली की विषुववृत्तावर एका सागरी मैलाची चूक होते. म्हणून गोदीवरील उंच खांबावरचा गोळा ठरल्या क्षणी खाली सोडण्यात येई, आणि १८०६ पासून दुपारी बाराची तोफ उडविली जात आहे. ती १९०२ पासून सिग्नल हिलवरून उडते, आणि रविवार व सुट्टीचे दिवस वगळता अद्याप उडते. जाणता कप्तान तोफेचा आवाज ऐकत नसे, धूर पाहत असे. दोन किलोमीटरांवर आवाज पोहोचण्यास जवळजवळ सहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात दीड मैल हातचा जातो. आता उपग्रहांनी हे काम घेतले. तरीही बाराचा बार झाला की डेकवर काम करणारा नाविक एकदा मनगटाकडे पाहतोच.

शहरात पायी हिंडताना नौकेवरच्या माणसाला एक गोष्ट खटकते. १६६६ ते १६७९ या काळात बांधलेला पाच बुरुजांचा किल्ला, ज्याच्या समुद्राकडील मूळ दरवाजा लाटा आत शिरतात म्हणून बंद करून दुसरीकडे काढावा लागला, तो आज समुद्रापासून पुष्कळ आत, रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या जंजाळात उभा आहे. गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत डंकन गोदी खणताना निघालेला गाळ टाकून जुना किनारा बुजविण्यात आला, आणि रॉयल केप यॉट क्लबच्या ज्या धक्क्याला परदेशी नौका बांधल्या जातात त्याच्या आसपासची जमीन म्हणजे पूर्वीचा समुद्रच होय. शहराने आपल्या जन्मदात्याला दूर लोटले, असे म्हणावयास हरकत नाही. त्याची भरपाई म्हणून की काय, जुन्या गोदीत आता उपाहारगृहे आणि दुकाने थाटली आहेत. मला ती जागा फार सजविलेली वाटते. १८८२ चा तांबडा घड्याळी मनोरा, ज्यातून बंदरप्रमुख सगळ्या हालचालींवर नजर ठेवी, तेवढा तेथे अस्सल आहे. शिडे शिवणारे, डोलकाठ्या उभारणारे आणि जोडनौका बांधून जगभर पाठविणारे कारागीर मात्र या शहरात भरपूर आहेत, आणि कोणत्याही किल्ल्यापेक्षा तेच त्याच्या मूळ धर्माला अधिक जागले आहेत.

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून १९ मे २०१० रोजी मुंबईस परतलेले कमांडर दिलीप दोंदे हे शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होत, त्या सबंध सफरीत त्यांनी चारच ठिकाणी मुक्काम केला, आणि केपटाऊन हा त्यांतील शेवटचा. ज्या मराठी वाचकाला त्यांच्यासारखे शिडाने नव्हे, तर विमानाने तेथे जाण्याचा योग येईल त्याने पर्वत, मळा व किल्ला पाहण्यापूर्वी रॉबेन बेटाची फेरी घ्यावी. नेल्सन मंडेला यांच्या कारावासाची जागा पाहण्यासाठी ती सर्वजण घेतातच; परंतु परतीच्या वाटेवर आत न बसता डेकवर, नाळेकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे आधी पर्वत, मग उतार आणि सर्वांत शेवटी शहर, या ज्या क्रमाने साडेतीनशे वर्षे नाविकांनी केपटाऊन पाहिले त्याच क्रमाने ते दिसेल. मात्र तिकीट मुक्कामाच्या पहिल्याच दिवसाचे काढावे. वारा फार झाला की त्या दिवशीच्या फेऱ्या रद्द होतात.